पहिल्या तारखेला काही होत नसतं?

कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज दाखल करून पहिल्या तारखेला निघालेल्या बाईला सोलापुरात एक सल्ला हमखास मिळतो. शेजारीण तो देते, भाऊ देतो, कधी वकिलांकडचा कारकूनही देतो: ‘पहिल्या तारखेला काही होत नसतं. हजेरी लावायची, पुढची तारीख घ्यायची आणि घरी यायचं.’ सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. घाबरलेल्या बाईला धीर यावा, एवढेच त्यांच्या मनात असते. तरीही या वाक्याने जेवढे नुकसान केले आहे तेवढे क्वचितच एखाद्या वाईट हेतूने केले असेल, असे माझे मत झाले आहे. कायद्याने ज्या दिवशी काहीतरी व्हावेच अशी योजना केली, नेमक्या त्याच दिवसाविषयी हे वाक्य बोलले जाते. बाई त्यावर विश्वास ठेवते आणि काही न मागता परत येते. न मागितल्यामुळे काही झालेले नसते, आणि मग ते वाक्य पुन्हा एकदा खरे ठरते.

कायद्याची योजना काय होती हे आधी पाहू. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ खाली अर्ज आला की न्यायदंडाधिकाऱ्यांनी पहिल्या सुनावणीची जी तारीख द्यायची ती सर्वसाधारणपणे अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आतली असावी, असे त्याच कलमात म्हटले आहे. सुनावणीची नोटीस संरक्षण अधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, दोन दिवसांत, किंवा न्यायालय देईल त्या वाजवी मुदतीत, सामनेवाल्यावर, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याच्यावर, बजावायची आहे. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, अशीही अपेक्षा आहे. आणि कलम २३ सांगते की हिंसाचार झाला आहे किंवा होण्याचा संभव आहे असे अर्जावरून सकृद्दर्शनी दिसत असेल, तर बाईच्या विहित नमुन्यातील प्रतिज्ञापत्राच्या आधारे न्यायदंडाधिकारी सामनेवाल्याच्या गैरहजेरीतही अंतरिम, म्हणजे निकालापूर्वीचा तात्पुरता, आदेश देऊ शकतात. या तरतुदी एकत्र वाचल्या की कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय होते ते कळते. रात्री घराबाहेर काढलेल्या बाईचा निवाडा लांबणीवर टाकता येईल, पण तिची आजची रात्र लांबणीवर टाकता येत नाही, एवढे त्यांना ठाऊक होते.

प्रत्यक्षात तीन दिवसांचे तीन आठवडे होतात, कधी त्याहूनही जास्त. एका नातलग मुलीसोबत मी एका न्यायालयात गेले होते, तो दिवस आठवतो. एप्रिलचे ऊन होते, व्हरांड्यातल्या बाकावर जागा नव्हती आणि बोर्डावर आमचा क्रमांक बराच खाली होता. सकाळी अकरापासून आम्ही उभ्या होतो. दुपारी साडेतीनच्या सुमारास पुकारा झाला, वकिलांनी काहीतरी सांगितले, नोटीस बजावून आलेली नाही असे समोरून उत्तर आले आणि दीड मिनिटाच्या आत पुढची तारीख पडली. ती सहा आठवड्यांनंतरची होती. अंतरिम अर्ज कागदांत होता, प्रतिज्ञापत्रही जोडलेले होते, पण त्यावर आदेश व्हावा असे कोणी म्हणाले नाही. मीही म्हणाले नाही, कारण मलाही ते वाक्य कोणीतरी सांगितलेले होते. त्या सहा आठवड्यांत ती मुलगी दोनदा सासरी परत गेली आणि दोन्ही वेळा मार खाऊन आली. नोटीस बजावली गेली नसेल तरी कलम २३ चा दरवाजा उघडा असतो, हे मला त्या दिवशी माहीत असते तर मी वकिलांचा हात धरून त्यांना पुन्हा आत नेले असते.

म्हणून पहिल्या तारखेला काय होते आणि काय होऊ शकते, हे नीट सांगितले गेले पाहिजे. हा खटला बाईवर नसतो आणि त्या दिवशी तिची उलटतपासणीही नसते. सोलापुरात हा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो. न्यायदंडाधिकारी या शब्दाने अनेकींना धडकी भरते, पण मागितलेले दिलासे मुळात दिवाणी स्वरूपाचे असतात. संरक्षण, निवारा, पैसा, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई, एवढाच त्यांचा आवाका आहे. नवराही त्या दिवशी आरोपी नसतो, तो सामनेवाला असतो. त्याला अटक होणार नाही, हे बाईच्या माहेरच्यांनी समजून घ्यावे. तो तुरुंगात जाईल या भीतीने सासरच्यांनी तिच्या पाया पडण्याचे किंवा तिला धमकावण्याचेही कारण नाही. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९८अ, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आले आहे, त्याखालचा गुन्हा ही वेगळी वाट आहे. तिथे पोलीस गुन्हा नोंदवतात, आरोपी असतो, जामीन असतो. दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात, पण त्यांची सरमिसळ केली की पहिल्याच दिवशी गोंधळ होतो.

पुकारा झाल्यावर न्यायाधीश आधी नोटिशीचे पाहतात. सामनेवाला हजर असेल तर त्याचे वकील वकीलपत्र दाखल करतात आणि लेखी म्हणणे देण्यासाठी मुदत मागतात. ती मिळणे स्वाभाविक आहे, कारण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय अंतिम निवाडा होऊ नये हे कोणीही मान्य करील. नोटीस बजावूनही तो आला नसेल तर प्रकरण एकतर्फी चालवता येते. नोटीस पोहोचलीच नसेल तर ती पुन्हा निघते. पत्ता चुकीचा असणे हे त्यामागचे फार साधे आणि फार वारंवार आढळणारे कारण आहे. कामाच्या ठिकाणचा पत्ता, म्हणजे कारखान्याचे नाव, गल्ली, पाळीची वेळ, हे सगळे अर्जातच दिलेले बरे, कारण या कायद्याखालच्या नियमांनुसार नोटीस कामाच्या जागीही बजावता येते. या तिन्ही शक्यतांत एक गोष्ट सारखीच राहते. म्हणण्यासाठी मुदत दिली म्हणून अंतरिम संरक्षणही तेवढ्या मुदतीसाठी थांबले पाहिजे असे कायदा कुठेही म्हणत नाही. मारहाण करू नये, घरातून काढू नये, तिच्या कामाच्या जागी किंवा मुलांच्या शाळेत जाऊ नये, एवढ्या आदेशाने सामनेवाल्याचा कोणता न्याय्य हक्क बुडतो? जे करण्याचा त्याला मुळातच अधिकार नाही, ते करू नकोस एवढेच त्यात असते.

विरोधात सांगितली जाणारी गोष्ट मी हलकी मानत नाही. एकतर्फी आदेशाचा गैरवापर होऊ शकतो. घराबाहेर काढलेला म्हातारा सासरा किंवा मुलाच्या भेटीसाठी तळमळणारा बापही न्यायालयाच्या व्हरांड्यात दिसतो, आणि त्याचे दुःख खोटे आहे असे म्हणण्याची माझी तयारी नाही. पण यावरचा उपायही कायद्याने त्याच कागदावर लिहून ठेवला आहे. परिस्थिती बदलल्याचे दिसले तर कलम २५ खाली आदेश बदलता किंवा मागे घेता येतो, कलम २९ खाली ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते, आणि स्त्रीला घराबाहेर काढणारा निवास आदेश तर न्यायालय देऊच शकत नाही. चुकीने दिलेला अंतरिम आदेश पंधरा दिवसांत दुरुस्त होऊ शकतो. न दिलेल्या आदेशामुळे पंधरा दिवसांत जे घडते ते दुरुस्त होत नाही. दोन्ही बाजूंचे वजन करताना हा फरक तराजूत घातला पाहिजे.

कामाचा बोजा हे दुसरे कारण सांगितले जाते, आणि तेही खरे आहे. एका न्यायाधीशासमोर दिवसभराचा जो बोर्ड असतो तो पाहिला की त्यांच्याविषयी तक्रार करण्याचे धाडस होत नाही. पण बोजामुळे सगळेच मागे पडणार असेल तर काय मागे पडावे हे कोणीतरी ठरवतच असते. ते ठरवताना ज्या अर्जांना कायद्याने तीन दिवस आणि साठ दिवस अशी मुदत घालून दिली, ते इतर किरकोळ अर्जांच्या रांगेत उभे करू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे. संरक्षण अधिकाऱ्याचा कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे घडलेल्या हिंसाचाराची त्याने केलेली नोंद, यायचा आहे म्हणून तारीख द्यावी लागते, हे कारणही आता टिकणारे नाही. असा अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकारी एकतर्फी, अंतरिम आणि अंतिमही आदेश देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२२ रोजी प्रभा त्यागी यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. अर्थात अहवाल वेळेवर आला तर बाईचे काम सोपे होते, आणि तो वेळेवर येत नाही याचे मूळ संरक्षण अधिकाऱ्यांच्या नेमणुकांत आहे. कायदा लागू होऊन जवळपास १९ वर्षे झाल्यावर, मे २०२५ मध्ये, जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमा असे राज्यांना बजावण्याची वेळ सर्वोच्च न्यायालयावर आली, यातच सगळे आले.

आता सोलापूरविषयी. आपल्या शहराच्या पूर्वभागात घराघरांतून विड्या वळल्या जातात आणि शेजारच्या गल्लीत यंत्रमाग चालतात. या अर्थव्यवस्थेचा पहिल्या तारखेशी थेट संबंध आहे. विडी वळणारी बाई न्यायालयात गेली की त्या दिवशीच्या विड्या होत नाहीत, म्हणजे त्या दिवसाचा पैसा येत नाही. पैसे मिळवून देण्यासाठी केलेल्या अर्जाची प्रत्येक रिकामी तारीख तिच्याच पदरचे पैसे खाते. पोटगीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे सांगितले, त्याचे नमुने घालून दिले, शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना दिला, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही ठरवून दिले. हे प्रतिज्ञापत्र बाईने पहिल्याच दिवशी तयार ठेवले तर सामनेवाल्याला ‘आधी तिची कागदपत्रे येऊ द्यात’ असे म्हणायला जागा राहत नाही. विडी कामगाराचे ओळखपत्र, मजुरीची नोंद, बँकेचे पासबुक, घरभाड्याची पावती, मुलांच्या फीची पावती, हे सगळे अगदी साधे कागद आहेत, पण ते सासरच्या कपाटात राहिलेले असतात. ते मिळत नसतील तर तसे अर्जातच लिहावे.

मागावर काम करणाऱ्या नवऱ्याचा पगार हातात पडतो आणि हातातच संपतो, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. कलम २० मध्ये त्यावर एक तरतूद आहे, जी फारच कमी अर्जांत मागितलेली मला दिसली. नवरा आदेशाप्रमाणे पैसे देत नसेल तर त्याच्या मालकाने पगारातील ठरावीक रक्कम थेट पत्नीला द्यावी किंवा न्यायालयात भरावी, असा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. ज्या शहरात मालक आणि कामगार एकमेकांना नावाने ओळखतात, त्या शहरात या तरतुदीचा उपयोग मुंबईपेक्षाही सोपा व्हायला हवा.

घराचेही तसेच. कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी उभारलेल्या १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये हस्तांतरित झाली. बाईच्या कष्टावर घर उभे राहू शकते, हे या शहराने देशाला दाखवले. पण घर जिचे, तीच रात्री मुलांना घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभी, हे चित्रही आपण पाहिले आहे. अशा वेळी नवऱ्यानेच घराबाहेर जावे, असा निवास आदेश कलम १९ खाली मागता येतो. आणि घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले म्हणून सून आपोआप रस्त्यावर येत नाही. सामायिक घर म्हणजे केवळ नवऱ्याच्या मालकीचे घर हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा यांच्या प्रकरणात मागे टाकला आहे. सासर पुण्यात किंवा हैदराबादेत असेल आणि बाई बार्शीला, अक्कलकोटला माहेरी परत आली असेल, तर कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती राहत असलेल्या ठिकाणच्या न्यायालयातही अर्ज करू शकते. सासरच्या गावी तारखांना जाण्याच्या धास्तीने अर्जच न करणाऱ्या बायकांना हे कोणी सांगतच नाही.

भाषेचा मुद्दा सोलापुरात टाळून चालणार नाही. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या बाईची आयुष्यभराची हकिकत मराठीत टंकलिखित होते, आणि ती काय लिहिली आहे हे न समजताच तिची सही किंवा अंगठा घेतला जातो. पुढे उलटतपासणीत त्याच कागदावरून तिला खोटे पाडले जाते. ज्या प्रतिज्ञापत्राच्या बळावर पहिल्याच दिवशी आदेश मिळू शकतो, ते तिच्या भाषेत तिला वाचून दाखवल्याशिवाय दाखल होऊ नये. याला वेगळ्या निधीची गरज नाही. आपल्या शहरात दोन भाषा जाणणारा माणूस शोधायला दहा पावलेसुद्धा चालावे लागत नाही.

व्हरांड्याविषयी मात्र मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण पहिल्या तारखेचा खरा निकाल अनेकदा तिथेच लागतो. नवऱ्याकडचे पाच-सहाजण आलेले असतात, त्यांत समाजातले एखादे वजनदार गृहस्थ असतात. कोणी पोराला पुढे करते, कोणी ‘आजच्या आज गाडीत बस, झालं गेलं विसरून जाऊ’ म्हणते, आणि ऐकले नाही तर आवाज चढतो. बाई तिथे एकटी किंवा म्हाताऱ्या आईसोबत असते. समेटाला माझा विरोध नाही, मोडलेला संसार सावरला तर कोणाला नको आहे? पण समेटाची जागा व्हरांडा नाही. कायद्यात कलम १४ खाली समुपदेशन आहे, आणि २००६ च्या नियमांत त्याची शिस्तही आहे: केलेल्या हिंसाचाराचे समर्थन करण्याची मुभा सामनेवाल्याला समुपदेशनात नाही, आणि पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याने द्यायची आहे. ही अट पाळली जाते का, एवढा एकच प्रश्न प्रत्येक मध्यस्थाने स्वतःला विचारावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितल्याचे आढळले. न्यायालयाच्या व्हरांड्यापर्यंत पोहोचणारी बाई त्या थोड्यांतलीही थोडी असते. तिला तिथूनच परत वळवणे हा समेट म्हणता येणार नाही.

म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, महिला व बालविकास विभाग आणि वकील संघ यांच्याकडे माझी मागणी आहे की अशा प्रकरणांच्या तारखांना न्यायालयाच्या आवारात बायकांना वेगळे बसता येईल अशी एक खोली असावी, आणि तिथे विधी सेवेचा एक वकील आणि संरक्षण अधिकारी हजर असावेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, पण ही गोष्ट तिला पहिल्या तारखेनंतर, फीचा पहिला हप्ता देऊन झाल्यावर कळते. १५१०० हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक आणि १८१ ही महिला हेल्पलाइन शहरातल्या प्रत्येक विडी कारखान्याच्या शाखेत, जिथे रोज शेकडो बायका विड्या द्यायला येतात, भिंतीवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत रंगवली तर वृत्तपत्रातल्या जाहिरातीपेक्षा कितीतरी अधिक जणींपर्यंत पोहोचेल.

वकिलांना माझी विनंती आणखी साधी आहे. पहिल्या तारखेला उभे राहिल्यावर पहिले वाक्य अंतरिम अर्जाविषयी असावे. तो आज ऐकावा, आणि आज शक्य नसेल तर याच आठवड्यात ऐकावा, एवढी मागणी रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, नोंदली जावी. मागणी नोंदली गेली की तिच्यावर काही ना काही आदेश होतो, आणि तो प्रतिकूल असला तरी त्याविरुद्ध वर जाता येते. न मागितलेल्या गोष्टीविरुद्ध अपील नसते. साक्षीतील काही भाग सर्वांदेखत बोलणे बाईला अशक्य वाटत असेल तर कलम १६ प्रमाणे कामकाज बंद दालनात चालवण्याची विनंतीही त्याच दिवशी करून ठेवावी.

आणि बाईला सांगायचे तर, दालनातून बाहेर पडताना पुढची तारीख कागदावर लिहून घ्यावी, प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे न्यायालयाच्या संगणकातला प्रकरणाचा ओळख क्रमांक, घ्यावा, कारण त्यावरून कोणाच्याही मोबाईलवर तारीख तपासता येते, आणि आदेश झाला असेल तर त्याची प्रत मागावी. कलम २४ प्रमाणे ती विनामूल्य मिळते आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्यालाही पाठवायची असते. संरक्षण आदेश, अगदी अंतरिम असला तरी, मोडणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण मध्यरात्री दार वाजल्यावर ११२ ला फोन करून आलेल्या हवालदाराला तो आदेश दाखवावा लागतो, आणि त्या वेळी तो वकिलांच्या फाईलमध्ये असून उपयोग नाही. एक प्रत स्वतःजवळ, एक माहेरी आणि एक विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवावी, आणि दुसऱ्याच दिवशी ठाण्यात जाऊन आदेश पोहोचला की नाही ते विचारून यावे.